पोत्यांच्या काट्यावर एक महिना

कोळवणच्या खोऱ्यात ऐंशी सालाच्या आसपास चोरीचा एक खटला चालला, आणि आरोपी मी होते. पुरावा काय? माझं अंग!

आमच्या डब्यातला गूळ कमी होत होता. घरात आम्ही दोघी सुना. थोरल्या जाऊबाई म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. मी दारात उभी राहिले की घरात अंधार. त्यामुळे सासूबाईंना चौकशीची गरजच वाटली नाही.

"आमी तीन-तीन भाकरी खाऊन वाळतुया, आन् ही दीड भाकरीत फुगतीया? चोरून खाल्ल्याबिगर व्हय?"

खरं तर घरात सगळ्यांत कमी मीच खायचे. बायका पुरुषांच्या मागून जेवणार, आणि बायकांत धाकटी सून सगळ्यांच्या मागून. टोपल्यात उरेल ते माझं. पण पटवायचं कुणाला? नवरा आढ्याकडे बघायचा. माहेरी बोभाटा पोचायच्या आत नाव धुऊन काढायला हवं होतं. मी पदर खोचला, ओसरीवर उभी राहिले आणि गरजले, "आत्याबाई, म्हैनाभर तुमी वाढाल तेवढंच खाईन. गिरणीत वजन करा. उतरलं तर मी चोर!"

सासूबाई हसल्या. ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भातगिरणीत पोती मोजायच्या काट्यावर मला चढवलं. पापण्यांवर कोंडा बसलेला गिरणीवाला इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडला, "वैनी, सत्तर किलो!" रांगेतल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी दीडाची एक भाकरी केली. माझं वजन उतरावं, म्हणजे चोरी शाबीत.

तिसऱ्या दिवशी मला पलीकडच्या आळीत सुकट कोण भाजतंय ते कळायला लागलं. आठव्या दिवशी म्हशीसमोर पेंड ठेवताना तोंडाला पाणी सुटलं. भूक पोटात असती तर पदर आवळून बांधली असती. ती डोक्यात चढून बसली होती. आणि समोर जाऊबाई! तिसरी भाकरी अर्धी टाकून उठायच्या. "झालं बाई माझं." झालं, हे त्यांना आतून कोण सांगायचं? माझ्या डोक्यात असलं कुणी देवानं बसवलंच नव्हतं. तिथं होतं ते "आणखी हाय का?" एवढंच विचारणारं.

पंधरा दिवसांनी काटा किलोभर उतरला. सासूबाई वाटभर गुणगुणत आल्या. मी चालत होते ती फासावर चालल्यासारखी.

मग अंगानंच हट्ट धरला. पाण्याची कळशी जड झाली, उन्हात बसूनही थंडी वाजायची, जात्याचा खुंटा हातात धरून डुलकी लागायची. पुढे कितीतरी वर्षांनी पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी याचा उलगडा केला. वजन उतरलं की मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि अंगाचा खर्च आवळतो. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तेव्हा कुठं होतात हो?"

महिना भरला. मी डोळे मिटून काट्यावर चढले. गिरणीवाला म्हणाला, "पयल्या वजनापेक्षा किलोभर जास्तच हाय!" मी तिथंच टाळ्या पिटल्या. चोरी न करता एका भाकरीवर वजन वाढणारी मी जगातली एकमेव बाई!

घरी आलो तर जाऊबाई गुळाच्या डब्याशी बसलेल्या. गालात ढेकूळ. आम्हाला बघूनही चघळणं थांबलं नाही.

मी कमरेवर हात ठेवून सासूबाईंकडे पाहिलं. आता वीज पडणार!

"खाऊ दे गं तिला," सासूबाई म्हणाल्या, "तिच्या अंगाला कुटं लागतंय?"

"आन् मी? मी चोर न्हाई, हे तर मानलं न्हवं?"

"मानलं की." सासूबाईंनी टोपल्यातली एक भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि बाकीच्या फडक्यात गुंडाळल्या. "लई खरी बाई तू. एका भाकरीत झ्याक भागतंय तुझं. आता दीड कशाला?"