सगुणेचा लवंगी गुलाब

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मुलीजवळ नाही, देवापुढे हात जोडून उभा असतानाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलवेल असं वाटतं. आणि तरी सुरुवात कुठून करू?

वेलापासून करतो.

आमचं घर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. परसात विहीर, आणि विहिरीपासून न्हाणीच्या छपरापर्यंत चढलेला पांढरा वेलगुलाब. माझी बायको सगुणा दर आश्विनात त्याच्या वाळक्या काड्या काढायची, नव्या फांद्या केळीच्या सोपटांनी बांबूला बांधायची, मुळाशी जुनं शेणखत घालायची. मीही शिकलो ते तिच्याकडूनच. कचेरीत दिवसभर लेखणी घासणारा माणूस मी. संध्याकाळी हात मातीत घातले की डोकं शांत होतं, हे मला तिने दाखवलं. तीस वर्षं तिच्याबरोबर काढली. इतकं चांगलं आयुष्य माझ्या वाट्याला का आलं, हे मला अजून उमजलेलं नाही.

पण तो वेल — तो तिचा नव्हता.

तिचं माहेर कल्याणचं, तळ्याजवळ. तिथल्या बागेतले गुलाब ती बोटांवर सांगायची: भरगच्च पाकळ्यांचा बसराई, गुलकंदाचा लहानसा देशी, कुंपणावरची शेवती. आणि लवंगी. हा त्यांच्याच घरचा, दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पांढऱ्या फुलांचे झुपके, आणि जवळ गेलं की नुकत्याच कुटलेल्या लवंगेचा वास. ती नांदायला आली तेव्हा तिच्या आईने एक फांदी मातीत दाबून, मुळं धरवून ते रोप बरोबर दिलं. पुढे कल्याणच्या घराला कोठी वाढवायची निघाली आणि मूळ वेल तोडला गेला. राहिला तो आमच्याकडचा. त्या थंडीत त्याला पहिली पाच-सात फुलं आली. सगुणेने मला हाताला धरून परसात नेलं. म्हणाली, “आई उभी आहे असं वाटतं हो.”

फाल्गुनात ती बाळंतपणाला कल्याणला गेली. जाताना एवढंच म्हणाली, “वेलाला रोज एक घागर घाला. विसरू नका.”

मी विसरलो, असं सांगितलं तर तुम्ही मानाल. मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगत होतो. पण मी विसरलो नव्हतो. तिचा भाऊ दर आठवड्याला आगगाडीने यायचा, तिचा निरोप आणायचा, आणि निरोपात पहिली चौकशी वेलाची. मी जेवतो का, खानावळीचं अन्न सोसतं का, हे नंतर. मला राग आला. कोणाचा — एका झाडाचा? चोवीस वर्षांचा होतो, शहाणा म्हणवत होतो. चैत्राच्या उन्हात पानं लोंबू लागली, मग करपली. मी रोज त्याच विहिरीवर आंघोळ करत होतो. चार पावलांवर वेल होता. आठ-दहा दिवस मी त्याला मरताना बघितलं.

मेला, तेव्हा मात्र घाबरलो.

एका बंगल्याच्या माळ्याकडून तसाच पांढरा वेलगुलाब मिळाला. तो मी त्याच खड्ड्यात लावला. आषाढात सगुणा मुलीला घेऊन परत आली. सामान ओटीवर ठेवलं आणि आधी परसात गेली. “एवढासा कसा झाला?” तिने विचारलं. मी म्हणालो, कीड लागली होती, मुळापर्यंत छाटावा लागला, तेव्हा कुठे वाचला.

ती पुढे आली. वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

पुढे शेजारीपाजारी, येणारेजाणारे, सगळ्यांना ती सांगायची — “माझ्या माहेरचा वेल यांनी वाचवला.” मी जवळच असायचो. काय करायचो? सुपारी कातरायचो.

फुलं आली. वास नव्हता. सगुणेने झुपका नाकाशी धरला, मग सोडला. म्हणाली, “आजारातून उठलाय ना. येईल सावकाश.” दर थंडीत ती पहिल्या फुलाची वाट बघायची. एका वर्षी तिने लवंगा उकळून ते पाणी गार करून मुळांना घातलं आणि स्वतःच हसली. मीही हसलो. हसलो मी.

इथवर सांगून मी थांबलो असतो. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

या सगळ्याला पंधरा वर्षं झाली असतील. शेताच्या हद्दीच्या पंचनाम्यासाठी मला खाडीपलीकडे कळव्याला पाठवलं होतं. काम आटोपून होडीकडे परतताना एका कुडाच्या घरापाशी पाय थबकले. लवंगेचा वास. छपरावर पांढरे झुपके ओसंडत होते. आतून काशीबाई आली. पूर्वी ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारी भाजी विकायला यायची. सगुणा बाळंतपणाला गेली त्याच उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले, तेव्हापासून यायची थांबली होती. मला बघून तिला कोण आनंद झाला.

“वहिनींनीच दिली व्हती फांदी,” ती म्हणाली, “माहेरी जायच्या आधी. जगली बगा!”

कळव्याच्या त्या बाजूला विहिरींचं पाणी खारं. गोडं पाणी लांबून आणावं लागे. पिण्याच्या हंड्यातलं रोज तांब्याभर ती वेलाला घालत होती. आणि माझी विहीर चार पावलांवर होती.

तिने भला मोठा झुपका तोडला, ओल्या फडक्यात गुंडाळला, माझ्या हातात दिला. “वहिनींना द्या. आन् सांगा, एकदा बघायला या.”

मी हो म्हणालो. होडीत बसलो. मांडीवर ती फुलं. संध्याकाळी ती सगुणेच्या हातात दिली असती तर? तिने काय केलं असतं? आधी फुलं नाकाशी धरली असती. माझ्याकडे नंतर बघितलं असतं. त्या ‘नंतर’ला मी भ्यालो. खाडीच्या मध्यावर फडकं सोडलं आणि फुलं पाण्यात टाकली. नावाड्याला वाटलं, खाडीची पूजा केली. त्यानेही हात जोडले.

घरी गेलो. सगुणेने पाय धुवायला पाणी दिलं. कळव्याला कोण भेटलं, तिने विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही.

त्यानंतर चौदा वर्षं ती होती. कळवा होडीने घटकाभराच्या वाटेवर. गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. तिला सगळं ठाऊक असेल आणि तिने मनातून क्षमा केली असेल, असं मी कधीकधी मनाला समजावू बघतो. पण ते खरं नाही. तिला ठाऊक नव्हतं. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी कळव्याला गेलो. काशीबाई आता फार थकली आहे, पण वेल आहे. सगुणा गेली म्हटल्यावर ती मटकन खाली बसली, बराच वेळ रडली. माझ्या घरात माझ्या बायकोसाठी इतकं कुणी रडलं नव्हतं. त्या दोघी बायकांमुळे लवंगीची जात जगात उरली — एकीने सहज फांदी तोडून दिली म्हणून, दुसरीने पिण्याचं पाणी घातलं म्हणून. मी तिच्यासमोर हात जोडले. कशासाठी, ते तिला कळलं नाही.

मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, “तवा फुलं धाडली व्हती, ती वहिनींना आवडली का?”

मी म्हणालो, “फार आवडली.”

तिचं तोंड उजळलं. उठली, कोयता घेतला, आणि मला नेण्यासाठी चांगली जाडजूड फांदी शोधू लागली.