अकरा मिनिटं मान खाली

आमच्या गल्लीत आत्याबद्दल एक गोष्ट चवीने सांगितली जाते. सांगणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या मावशी. आधी दाराकडे बघतात, मग आवाज खाली घेतात. "अगं, ती समोरच्याकडे अशी टक लावून बघायची ना, की माणसाचा हातच लुळा पडायचा. तो बिचारा बाइंडर. जिंकत आलेला डाव, आणि बोटसुद्धा हलेना."

हात लुळा पडला नव्हता. आणि आत्याने टक लावून बघितलंही नव्हतं. उलट तिने अकरा मिनिटं मान वर केली नाही. तेच तिला जन्मभर पुरलंय.

बाइंडरकाका म्हणजे तिचे गुरू. जुनी पुस्तकं आणि ऑफिसच्या फायली बांधायचं त्यांचं दुकान. शाळा सुटली की आत्या तिथे. खळीचा वास, पायाखाली कापलेल्या कागदाच्या पट्ट्या, आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर मांडलेला बुद्धिबळाचा पट. "उंटाला घाई नसते पोरी, तुलाच असते," असं म्हणत त्यांनी तिला नऊ वर्षं हरवलं. बाहेरच्या स्पर्धेत मात्र दरवर्षी त्यांचा दुसरा नंबर. पहिला कधीच नाही.

आत्या एकोणीसची असताना अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात दोघं समोरासमोर आली. काकांना बरोबरीसुद्धा चालली असती, आणि ते तर जिंकत होते. त्यांनी हत्ती सरकवला, खेळी कागदावर लिहिली, हाताची घडी घातली. घड्याळाची कळ दाबायची तेवढी राहिली. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तोंडं असतात. खेळी झाली की आपली कळ दाबायची, म्हणजे आपलं थांबतं आणि समोरच्याचं चालू होतं. काकांचं चालूच राहिलं.

नियमात बसतं, सांगायचं बंधन नाही. आत्याने नियमाचा आडोसा घेतला, कपाळ हातावर टेकवलं, आणि फार खोल विचारात असल्यासारखी बसून राहिली. विचार एकच होता: आता सांगते, आता सांगते. अकरा मिनिटांनी काकांची वेळ संपली. पंच आले आणि तिला म्हणाले, "त्यांची वेळ संपली. तू जिंकलीस." काकांनी हात मिळवला, नेहमीसारखाच.

त्यानंतर काका स्पर्धेत उतरले नाहीत. आत्या एकूण सहा वेळा अजिंक्य झाली, टपाल कचेरीत नोकरीला लागली, पेपरात फोटो आले. पण तेव्हापासून तिला एक खोड जडली. समोरचा कळ दाबायला विसरला की ती खाकरते आणि म्हणते, "तुमचं घड्याळ चालू आहे." यापायी हातात आलेलं सातवं अजिंक्यपद गेलं, तरी खोड गेली नाही. कचेरीच्या खिडकीवर कुणी पेन विसरलं तर आत्या तिकिटं टाकून मागे धावते. घरात नळ, गॅस, दिवा, सगळ्यांसाठी तेच खाकरणं. मला ते हुबेहूब जमतं. घरचे पोट धरून हसतात. आत्याही हसते, पण सगळ्यांत शेवटी, आणि जरा कमी.

काकांच्या दुकानावरून मात्र ती जात नाही. दोन गल्ल्यांचा वळसा घालते.

यंदा बुद्धिबळ क्लबने ठरवलं, आत्याच्या सगळ्या डावांचे कागद बांधून कपाटात ठेवायचे. बांधणार कोण? बाइंडर एकच. तीन वेळा ती गठ्ठा घेऊन निघाली आणि "दुकान बंद होतं" म्हणत परत आली. चौथ्यांदा ती दुकानात शिरली.

काकांनी गठ्ठा सोडला, कागद तारखेने लावले, आणि चष्मा कपाळावर चढवला. "पहिला कुठाय?"

"कुठला पहिला?"

"आपला."

तो तिच्या पर्समध्ये होता, चार घड्या घातलेला. तिने तो टेबलावर ठेवला आणि खाकरली. "काका, तुमचं घड्याळ चालू होतं. मला दिसत होतं."

काका दोऱ्याला मेण लावत राहिले. "मलाही दिसलं. तिसऱ्या मिनिटाला."

"मग दाबलं का नाही?"

"म्हटलं, बघू, पोरगी सांगते का."

इतकी वर्षं आत्याला वाटत होतं, कुणी बघितलं नाही.

"मीही काही कमी हट्टी नाही," काका म्हणाले. "एक बोट हलवलं असतं तर दोघं सुटलो असतो." मग त्यांनी तो कागद उलगडला, अंगठ्याने घड्या दाबून पाहिल्या. "फार घट्ट बसल्यात गं. वजनाखाली ठेवावा लागेल. आठ दिवसांनी ये."

ती निघण्याआधी मी पैज लावली होती, की काकांना ती हे सांगूच शकणार नाही. सांगितलंच, तर महिनाभर तिची नक्कल बंद.

"हरलीस," घरात आल्या आल्या ती म्हणाली, आणि झालं ते सगळं सांगितलं.

"मग माफ केलं ना त्यांनी?"

"ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

हे ती कुठल्या आवाजात म्हणाली, ते महिनाभर तरी मला करून दाखवता येणार नाही.