बंदुकवाल्याचं घर

त्या गोठ्यातली झडती आठवली की नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी मला स्वतःचीच लाज वाटते. पोलीस खात्यात असताना लोकांच्या पुष्कळ भानगडी निस्तरल्या, पण या प्रकरणात अर्धी भानगड माझीच होती. नावं कोणाचीच सांगणार नाही. गाव रामाकोन्याच्या बाजूचं, एवढं पुरे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सौंसर तहसिलीतल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. त्या उन्हाळ्यात एका आडबाजूच्या मळ्यावर दरोडा पडला आणि सगळा मुलूख धास्तावला. मी गावोगाव सभा घेतल्या, परवडतील असे उपाय सांगितले. दाराला आतून अडसर घाला, कुंपणाच्या तारेला रिकामे डबे बांधा, एक भुंकणारं कुत्रं पाळा, घराघरात शिट्टी ठेवा आणि शिट्टी ऐकली की शेजाऱ्यानं थाळी बडवत बाहेर पडायचं. लोक माना डोलवायचे. सभा उठली की मात्र एकेक जण बाजूला येऊन एकच विचारायचा, "साहेब, बंदुकीचा परवाना कसा भेटते?" आता डब्यानं आणि शिट्टीनं कोणाचा मान वाढतो का!

या गावात मान वाढलेला एकच माणूस होता. त्याला थोरला म्हणू. रानडुकरं संत्र्याच्या बागेत उच्छाद मांडतात म्हणून त्यानं पीकरक्षणाचा परवाना काढला होता आणि नागपूरहून जुनी एकनळी बारा बोरची बंदूक आणली होती. वापरलेली असली तरी ठेवली होती अशी की पाहत राहावं. दांड्याला तेल, नळीला पॉलिश, बैठकीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी. तेव्हापासून अख्खं गाव त्याला बंदुकवाला म्हणायचं. निवडणुकीच्या वेळी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत. हा गडी बंदूक घेऊन आला की माझे शिपाई हातातली कामं टाकून तिच्याभोवती गोळा व्हायचे. आमच्या ठाण्यातल्या जुन्या सरकारी बंदुका म्हणजे गंजकी भांडी. आणि बाजाराच्या दिवशी मी गणवेशात फिरलो तर दोन नमस्कार, त्याला दहा. खोटं कशाला सांगू, तो माणूस मला खुपायचा.

त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याच घरात, मध्ये भिंत घालून वेगळा राहायचा. मागचा गोठा तेवढा सामाईक होता. दरोड्यानंतर धाकट्यानंही परवान्याचा अर्ज केला. छिंदवाड्याच्या जिल्हा कचेरीतून कागद चौकशीसाठी माझ्याकडे आला. मी गावात गेलोसुद्धा नाही. खुर्चीत बसल्या बसल्या अहवाल लिहिला, 'अर्जदाराच्या घरात एक बंदूक आहे, दुसरीची गरज नाही.' मनात म्हटलं, त्या घरात आणखी एक बंदुकवाला कशाला? अर्ज फेटाळला गेला आणि मी तो विसरून गेलो.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. त्या गावचा कोटवार, म्हणजे सरकारी राखणदार, जन्ममृत्यूची वर्दी द्यायला ठाण्यात आला. वर्दी झाली तरी उठेना.

"काय रे, काय आहे?"

"साहेब, बंदुकवाल्याच्या घरी बिनपरवान्याचा कट्टा आहे म्हणते. मांगच्या गोठ्यात, ढेपेच्या पोत्यात."

"कोण म्हणते?"

"बाईमाणसाकडून आलं जी. नाव सांगायची मनाई आहे."

खरं तर त्या बाईला गाठून विचारायला हवं होतं. खबर कुठून आली, का आली, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये, असं नव्या फौजदारांना मीच शिकवायचो. पण 'बंदुकवाला' हा शब्द ऐकला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अर्ध्या तासात जीप गावात होती.

दोन पंच घेतले आणि गोठ्यात शिरलो. पोत्यात हात घातला तर सरकीच्या ढेपेखाली फडक्यात गुंडाळलेला गावठी कट्टा निघाला. अंगणात सगळं गाव जमलं होतं. थोरला काळाठिक्कर पडला.

"साहेब, माह्याजवळ परवान्याची बंदूक असून मी हे भंगार कायले ठेवू?"

किती सरळ प्रश्न होता! पण माझे कान बंद होते. मी त्याला जीपमध्ये बसवलं आणि भिंतीवरची बारा बोरही जप्त करून घेतली. धाकटा आपल्या दारात उभा राहून सगळं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते मला ओळखू आलं, कारण तेच माझ्याही चेहऱ्यावर असणार.

ठाण्यात थोरल्याची विचारपूस सुरू केली. कट्टा कोणाकडून घेतला, कशासाठी घेतला, दरोड्यात तुझा हात आहे का? तो एकच सांगत होता, "माहा नाई जी." मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो पार रडकुंडीला आला, पण उत्तर बदलेना. सराईत माणूस दर वेळी थोडं वेगळं बोलतो, हा शब्दही बदलत नव्हता. माझं आतलं मन सांगत होतं की हा खरं बोलून राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

ठाण्याचं दप्तर सांभाळणारे आमचे जुने दिवाणजी मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत, हत्यारांची नोंद करत बसले होते. त्यांनी चष्मा वर सारून मला हाक मारली.

"साहेब, इकडे या जरा. याला तर हळदकुंकू लागलं आहे."

कट्टा हातात घेतला. खरंच, मुठीच्या खाचेत कुंकू बसलं होतं, नळीवर हळदीची बोटं होती आणि फडक्यात झेंडूच्या दोन पाकळ्या वाळल्या होत्या. दसऱ्याला कोणीतरी या लोखंडाची रीतसर पूजा केली होती. भंगार म्हणून दडवलेल्या वस्तूची कोणी पूजा करतं का? ही कोणाची तरी फार लाडकी चीज होती.

मी थोरल्याला चहा दिला आणि सौम्यपणे विचारलं, "दसऱ्याला तुमच्याकडे पूजा कोणाकोणाची झाली?"

"एकाच बंदुकीची साहेब. सारं गाव होतं बैठकीत, कोणालेबी विचारा."

"तुमचा भाऊ?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "यंदा आला नाई तो. सोनं द्यायलेबी आला नाई. दरसाली पाया पडते माह्या."

जीप पुन्हा गावात गेली. धाकट्यानं आधी कानांवर हात ठेवले. मी दुसरा प्रश्न विचारायच्या आत त्याची बायको पदर सावरत दाराआडून पुढे आली.

"कोटवाराले म्याच सांगितलं साहेब. पण तुम्ही भासऱ्यांले, यायच्या मोठ्या भावाले, काहून धरून नेलं?"

"बाई, तुम्हीच तर बंदुकवाल्याच्या घरी म्हणालात."

"मंग काय म्हणू? नवऱ्याचं नाव घेऊ का तोंडानं? यायच्याजवळबी बंदूक आली, मी म्हटलं समजून जातील!"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या बाईनं रीत पाळली होती, नवऱ्याचं नाव न घेता त्यालाच बंदुकवाला म्हटलं होतं. गावात बंदुकवाला एकच, हे तिला सुचलं नाही, आणि कोणत्या घरातली बाई बोलली हे विचारायचं मला सुचलं नाही.

ती बोलायची थांबली नाही. "दुपारी जेवण झालं की हे गोठ्यात जाऊन बसते साहेब. तो कट्टा मांडीवर घेते अन् भासऱ्यांच्या दाराकडे पाहत राहते. म्या म्हटलं, एखाद्या दिवशी हात उठला तं दोन्ही घरं बसतील. पोलिसायनं ते घेऊन गेलं तं बरं. संगं माणसालेबी धरतील, हे माह्या ध्यानातच आलं नाई."

धाकटा खाटेवर बसला. मी विचारलं, "दरोडेखोरांच्या भीतीनं घेतलास?"

"दरोडेखोर कायचे साहेब! माह्या घरी नेण्यासारखं आहे काय? मले नाव आहे, पण गावात कोणी घेत नाई. बंदुकवाल्याचा भाऊ म्हणते. पोरगं शाळेत जाते तं बंदुकवाल्याचा पुतण्या म्हणते. यंदा म्या आपल्या घरी आपलं हत्यार पुजलं. दार लावून पुजलं, पण माहं होतं ते."

"सरळ मार्गानं मिळालं नाही म्हणून?"

"तुम्हीच लिहून देल्लं ना नाई म्हणून? मले छिंदवाड्याच्या कचेरीतल्या बाबूनं दाखवलं."

पंचनामा केला, कबुलीचे शब्द टिपून घेतले आणि आर्म्स ॲक्टखाली त्याला अटक केली. कट्टा विकणारा जत्रेत भेटलेला कोणी परका होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

संध्याकाळी थोरल्याला सोडायचं होतं. मी मालखान्यातून त्याची बारा बोर मागवली, पावती पुढे केली आणि सही करा म्हटलं. त्यानं बंदुकीला हात लावला नाही.

"साहेब, हे तुमच्याजवळच ठेवा. परवानाबी जमा करतो. पण त्याले सोडून द्या. लहान आहे तो. त्याच्या बायकोले मी काय तोंड दाखवू?"

कायद्यात अशी अदलाबदल नसते, हे मी त्याला समजावून सांगू लागलो. तेवढ्यात कोठडीच्या गजांवर दणका बसला. धाकटा दोन्ही हातांनी गज हलवत होता. दिवसभर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आता तो ओक्साबोक्शी रडत होता.

"पाहा साहेब, पाहा! इथंबी मोठा तोच झाला! त्याले म्हणा तुही बंदूक घे अन् जाय घरी! मले नको तुही दया!"

थोरला उभा होता तिथंच पायरीवर बसला. मी बिनसहीची पावती परत टेबलावर ठेवली.

तीस वर्षांच्या नोकरीत मी चोर पाहिले, खुनी पाहिले. बहुतेकांना काही ना काही हवं असतं, ते मिळालं की ते निवतात. मत्सराचं तसं नाही. थोरल्यानं बंदूक ठेवली तरी त्यानं धाकट्याला जाळलं, टाकली तरी जाळलं. घराला अडसर कसा घालावा हे मी गावोगाव सांगत फिरलो. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काय शिजतंय हे पाहायला मात्र अर्जाच्या चौकशीला जायला हवं होतं, आणि मी गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो, हे त्या दिवशी ठाण्यात फक्त मला माहीत होतं.

धाकट्याला शिक्षा झाली. ती भोगून तो बायकोमुलांसह पांढुर्ण्याकडे निघून गेला. थोरला बंदूक न्यायला आलाच नाही. माझी बदली झाली तेव्हा मालखान्याचा चार्ज देताना ती बारा बोर मी शेवटची हातात घेतली. इतके दिवस मला खुपत होतं ते हत्यार आता माझ्याच कुलपात होतं. दांड्यावर धूळ बसली होती. मी ती पुसली नाही.