गच्चीवर लावलेला तंबू

अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच केली आहे. रस्त्यावर वाटली जाणारी बुद्धिवादी पत्रकं वाचत मी मोठा झालो आणि कॉलेजात गेल्यावर तसलीच पत्रकं स्वतः लिहून मरीना किनाऱ्यावर वाटली. ‘अंगारे-धुपारे समुद्रात बुडवा’ हे वाक्य माझंच. त्यातल्या एका शब्दावरूनही मी आज मागे हटत नाही. तरी हे लिहितोय... कारण पाहिलेलं लपवणं हेही खोटं बोलणंच, आणि त्या उन्हाळ्यात मी एक खोटं आधीच बोललो होतो.

आमचं घर मद्रासला, ट्रिप्लिकेनमध्ये, देवळाच्या तळ्यापासून तिसऱ्या गल्लीत. माझे वडील — अप्पा — सरकारी नकाशा-कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवायचं आणि डोंगरांच्या उंचीच्या तपकिरी रेघा शाईने गिरवायच्या, हे तीस वर्षांचं काम. आनैमलैचा प्रत्येक उतार त्यांच्या बोटांना पाठ होता. चढले मात्र ते कधीच नव्हते. आम्ही तंजावरी मराठी; त्यांचा सगळा प्रवास म्हणजे मद्रास ते तंजावर आणि तंजावर ते मद्रास. सगळं सपाट.

मी आणि सेल्वम — पत्रकं छापण्यातला माझा जोडीदार — आम्ही जूनमध्ये आनैमलैच्या राखीव जंगलात चार दिवस कॅम्प करायचं ठरवलं. जंगल खात्याची परवानगी आली त्या संध्याकाळी अप्पांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि आमचा कॅम्प ताब्यात घेतला.

“तंबू इथे. रेघा लांब लांब गेल्यात, म्हणजे जागा सपाट. शेजारी ओढा. आणि इकडे बघ, एकमेकींना चिकटल्यात. इथे पाय घसरला की थेट केरळात.”

“पाहिल्यासारखं सांगताय, अप्पा,” सेल्वम म्हणाला. तोही त्यांना अप्पाच म्हणे.

“पाहायला जातोंच आहे की.”

“माडी चढताना धाप लागते,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि निघालेत डोंगर चढायला.”

“ती इथल्या हवेने लागते. मज एकदा गार वारा अंगावर घ्यायचा आहे, वासू. पंख्याचा नव्हे.”

“तुम्ही आमच्याबरोबर आहातच,” मी म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात अप्पांना तपासून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हृदय कमजोर झालंय, डोंगराचं नाव काढू नका. मी रोज संध्याकाळी हे अप्पांना सांगायचं ठरवायचो, आणि रोज ते ट्रंकेतून काहीतरी नवं काढून ठेवायचे. लोकरीचा मफलर. मेणबत्त्या. त्यांच्या वडिलांची काठी. जगाला सत्य सांगायला निघालेला मी... बापाला एक वाक्य सांगू शकत नव्हतो.

तंबू लढाईच्या वेळचा, लष्करी, मूर मार्केटातून जुना घेतलेला. आईने तो कार्बोलिक साबणाने धुतला आणि तीन दिवस गच्चीवर वाळवला. कत्तिरी चालू होती, म्हणजे मे महिन्यातले आमच्याकडचे सगळ्यांत कडक दिवस. फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी तीनला, आईने वाळत घातलेल्या तांदळाच्या वडामांच्या, म्हणजे पापड्यांच्या, मधोमध आम्ही तंबू उभा केला.

“वडामांवर पाय पडला तर दोघांनाही वाघापुढे टाकीन,” आईने जिन्यातून बजावलं.

अप्पा एकेका पायरीवर थांबत वर आले. गळ्यात मफलर. “दोन मिनिटं आत निजतों. माझी लांबी मावते का ते पाहायला नको?”

सेल्वम कॉफीला खाली गेला. मी कठड्याच्या सावलीत बसून वाक्य जुळवत राहिलो. बाहेर आले की सांगायचं, आज सांगायचंच. अर्धा तास गेला. आत भट्टी झाली असणार, म्हणून घाबरून हाक मारली.

अप्पा बाहेर आले. अंगावर घामाचा थेंब नव्हता. मी हात धरला तर तो गार, नुकताच माठातून काढल्यासारखा. आणि धोतरावर, पोटरीपाशी, रक्त.

धोतर वर केलं. जळू होती. काळी, फुगलेली, करंगळीएवढी. ती आपोआप सुटली, तापलेल्या फरशीवर पडली आणि आकसून गोळा झाली.

“कुठे होतात?” मी विचारलं. असा प्रश्न मी कसा विचारला, मला माहीत नाही.

“झोप लागली रे. छान गार होतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाला ते तू सांगणार होतास ना?”

मी त्यांच्या पोटरीवरचं रक्त पुसू लागलो.

“मजही सांगितलं होतं त्याने, तुझ्या आधी. तुझं तोंड उतरेल म्हणून बोललों नाही. सेरी, ठीक आहे... आता मी नाही आलों तरी चालेल.”

आईने हळद दाबली, तरी तासभर रक्त थांबेना.

सेल्वमने मूर मार्केटला दोष दिला. पण साबणाने धुतलेल्या, तीन दिवस कत्तिरीत भाजलेल्या कापडात जळू जगत नाही. मग म्हणाला, देवळाच्या तळ्यातली असेल. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. तळं कोरडं होतं, मुलं त्यात क्रिकेट खेळत होती.

जूनमध्ये आम्ही गेलो. अप्पांनी सांगितलेल्या जागीच तंबू लावला. पहिल्याच सकाळी माझ्या पोटरीला जळू लागली. सेल्वमने मिठाची पुडी पुढे केली. मी म्हटलं, राहू दे. ती पोट भरेस्तोवर मी बघत बसलो. वारा गार होता. मला तो कुठल्यातरी डब्यात भरून न्यावासा वाटला.

घरी आलो तेव्हा अप्पांनी ना वाघाचं विचारलं, ना ओढ्याचं. “पाय दाखव,” म्हणाले. आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. दोन्हींवर तीन टोकांचा, सारखाच बारीक डाग. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग मफलर घडी करून ट्रंकेत ठेवून आले.

दिवाळीच्या आधी अप्पा गेले.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणी देवाचं नाव घेऊन देऊ लागलं तर मी आजही भांडेन. पण दर कत्तिरीला मी तोच तंबू त्याच जागी लावतो आणि दुपारी तीनला आत जाऊन निजतो. सेल्वमला सांगितलंय, हा प्रयोग आहे. तो वाद घालत नाही, दोऱ्या ताणायला मदत करतो.

तीन उन्हाळे झाले. नुसता घाम येतो.