हँड विल गो

माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं एका ओट्यावर कधी पटलं नाही. तिला सगळं चारही कोपरे जुळवून लागतं. फडक्याचीसुद्धा घडी घालते, आणि मी घातलेली मोडून पुन्हा घालते. पण बाहेरचं कुणी तिला नावं ठेवायला लागलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत आहे. ओल्या चादरी दोन तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन निघतात, त्या मशीनवर. रुळांच्या तोंडाशी एक दांडी असते. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी थांबायला हवं. ती दांडी बिघडली.

पूर्वी तक्रार करायची तर 'रिस्पेक्टेड सर'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत अख्खा इंग्रजी अर्ज लागायचा. जावेला तो तोंडपाठ होता. मग नवे मॅनेजर आले. बत्तिशी कायम बाहेर, म्हणून सगळे त्यांना हसरे साहेब म्हणायचे. "अर्जबिर्ज कशाला? आपण एका घरातले. ग्रुपवर दोन शब्द टाका, हाय-बाय चालेल," असं त्यांनीच सांगितलं. जावेने टाकले: 'हाय सर. स्टॉप बार नॉट वर्किंग. प्लीज सी. हँड विल गो.' साहेबांनी खाली एक पिवळा अंगठा उमटवला. आपल्याकडे अंगठा दाखवणं कशाला म्हणतात, ते आम्ही तेव्हाच आठवायला हवं होतं.

त्याच आठवड्यात चादरीबरोबर तिचा उजवा हात आत ओढला गेला. हात वाचला, अंगठा गेला.

पट्टी सुटायच्या आत मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी सोबत गेले. टेबलापलीकडे चौकशी करणाऱ्या बाई, शेजारी हसरे साहेब, आज तोंड मिटून. बाईंनी सहीसाठी कागद सरकवला. काय ते इंग्रजी! कडक इस्त्रीचं, एक सुरकुती नाही. 'इंज्युरी वॉज सस्टेन्ड.' 'ड्यू केअर वॉज नॉट टेकन बाय द एम्प्लॉयी.' शाळेत आम्हाला वाक्यातला कर्ता शोधायला लावायचे. मी अख्खा कागद धुंडाळला. दांडी म्हणे बिघडलेली 'आढळली'. ती कुणी दुरुस्त केली नाही, ते कुठेच नाही. करणारी एकच सापडली, माझी जाऊ. सही केली की चूक तिची, आणि त्या चुकीपायी नोकरीही जाणार.

"हिने आधीच कळवलं होतं," मी फोन त्यांच्यापुढे धरला.

बाईंनी वाचलं. "ही फॉर्मल तक्रार नाही. 'हाय'ने सुरुवात आहे. आणि 'हँड विल गो' म्हणजे काय? हात कुठे जाणार, ते स्पष्ट होत नाही."

माझं डोकंच फिरलं. "कुठे गेला ते बघा की! टेबलावर ठेवलाय तिने! हाय लिहायला कुणी सांगितलं? यांनी. अंगठा कुणी दिला? यांनी. आम्ही ओरडायचं ते घरच्या भाषेत, आणि तुम्ही बुडवायचं ते कोर्टाच्या?"

"तो अंगठा म्हणजे... वाचलं, एवढंच," साहेब पुटपुटले. "इनफॉर्मल असतं ते."

मला जावेचाही राग आला. घरात एका फडक्यावरून तासभर बोलते, आणि इथे दातखीळ!

"तुम्ही मध्ये बोलू नका," बाई मला म्हणाल्या, आणि शाईची डबी जावेपुढे सरकवली. "सही जमत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा उठवा. चालेल."

जन्मभर इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्या बाईला यांनी अंगठेबहाद्दर करून टाकलं होतं.

जावेने कागद ओढला. दुखऱ्या हाताच्या कोपराने दाबून, डाव्या हाताने चारही कोपरे जुळवत तिने त्याची घडी घातली. घडीवर घडी. ती साहेबांपुढे ठेवली. मग शाई न लावता डावा अंगठा त्यांच्या नाकासमोर धरला.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "इनफॉर्मल आहे."