सेल्फ मारू नका

बंद पडलेल्या गाडीचा आवाज ऐकून जिचा चेहरा खुलतो अशी बाई अख्ख्या नागपुरात एकच, आणि ती माझी मावसबहीण! राहते सक्करदऱ्याला, शाळेत गणित शिकवते, आणि स्वतःची गाडी म्हणाल तर नाही. हवी कशाला? गल्लीतल्या सगळ्या गाड्या तिच्याच! सकाळी कुणी किल्ली फिरवली आणि इंजिन नुसतं कण्हलं, की ताई पोळी तव्यावर सोडून गॅलरीत. "हेडलाइट लावा! हॉर्न वाजवा!" तिथूनच हुकूम. हॉर्न बसक्या आवाजात वाजला तर बॅटरी उतरलेली. हॉर्न खणखणीत, पण किल्ली फिरवल्यावर एकच 'टक' आणि पुढे शांतता, तर स्टार्टर. एवढं साधं लोकांना कळत नाही याचा तिला मनापासून राग येतो. लकडगंजातल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, हातात अक्षता, बाहेर कुठल्याशा गाडीची टकटकटकटक सुरू झाली. भटजींच्या "सावधान"च्या आधी ताईचं "बॅटरी!" ऐकू आलं आणि नवरीच्या मामांनी दचकून सगळ्या अक्षता एकदमच टाकून दिल्या. फोनवर तर विचारूच नका. "आवाज काढून दाखवा," इथूनच तिची तपासणी सुरू. तिच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांच्यासमोर खोकायचीही कुणाची छाती होत नाही, ते भर रस्त्यात उभे राहून फोनमध्ये "टक... टक... खर्रर्र" करत होते, आणि ही इकडून, "खर्र आधी का टक आधी, सर? नीट करा!"

मावशीचा मात्र यात जीव जायचा. ताईची तिशी उलटलेली, आणि आलेली स्थळं या नादापायीच हातची गेली असं मावशीचं ठाम मत. म्हणून मागच्या हिवाळ्यात पाहुणे मुलगी पाहायला येणार म्हटल्यावर तिने ताईला बजावलं, "त्याईची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बॉनेटचं नाव नको काढू. माह्या गळ्याची आन आहे तुले." ताईने मुकाट्यानं मान डोलावली. मुलगा आला, उंच, हसरा, बोलायला गोड. ताई चक्क लाजली! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर विश्वासच बसला नसता. भजी झाली, चहा झाला, मावशीचा चेहरा नुसता फुललेला. सगळे पोचवायला फाटकाशी आले, पाहुणे गाडीत बसले, मुलाने किल्ली फिरवली.

टकटकटकटक.

अरे देवा! मी ताईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, पदराचं टोक पिळून पिळून पार दोरी झालेली. मुलाचे बाबा म्हणाले, "धक्का मारा." शेजारचे काका बाह्या सरसावून धावले, मावसाजीही लागले मागे, गाडी गल्लीतून घरंगळत निघाली, आत मुलगा किल्लीवर किल्ली फिरवतोय, आणि गाडी कोणती, तर ऑटोमॅटिक! ताई बिचारी किती वेळ सहन करणार? "अहो, काहून ढकलून राहिले?" ताई ओरडलीच. "ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू होत नसते!" मावशीने कपाळाला हात लावला.

मग काय, ताई पदर खोचून गाडीपाशी! बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचलेला. "भज्याचा सोडा आण वं! अन् गरम पाणी!" मी धूम पळाले. येऊन पाहते तो तिने पर्समधून पाना काढलेला. हो, पाहण्याच्या कार्यक्रमाला पर्समध्ये पाना! "आता सेल्फ मारू नका," तिने मुलाला सांगितलं, "मी तार काढून राहिली." मुलगा गोड हसला, "हो हो" म्हणाला आणि फिरवली किल्ली. ठिणगी उडाली. ताईने झटक्यात हात मागे घेतला. "मारू नका म्हटलं न!" "एकदाच पाहतो," म्हणत त्याने पुन्हा फिरवली. ताई सरळ खिडकीपाशी गेली. खिडकीतून हात घातला आणि किल्लीच काढून घेतली. मग सोड्याचं पाणी टाकून टर्मिनल घासलं, पुसून कोरडं केलं, तार कसली आणि किल्ली परत दिली. "मारा आता." घुर्रर्र! गल्लीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मावशीकडे न बघता.

मावशीने आशा सोडलीच होती, तर संध्याकाळी मुलाच्या बाबांचा फोन: मुलगी पसंत! अशी कामाची सून कुठे मिळायची, म्हणाले. मावशीला हसावं की रडावं कळेना, मावसाजी पेढे आणायला चपला घालायला लागले, मी ताईला मिठीच मारली.

"नाही म्हणा त्याईले," ताई म्हणाली.

मावशी रडली, ओरडली, देवापुढे जाऊन बसली. "असा पोरगा पुन्हा भेटंन का? काहून नाही?"

"सांगतलेलं ऐकत नाही तो," एवढंच ताईचं उत्तर.

मी तिच्यामागे गॅलरीत गेले. ठिणगीने बोट जरासं पोळलं होतं, त्याला ती खोबरेल लावत बसली होती. मी भीतभीतच विचारलं, "ताई, तुला आवडला नव्हता का गं तो?"

"आवडला होता वं. लय आवडला होता." ती बोटाकडेच बघत होती. "म्हणून तर त्याले दोनदा सांगतलं. मी कोणाले दोनदा सांगत असते का?"