डोक्याला जखम, हेल्मेट होतं

"म्हणजे तुमच्या हेल्मेटमुळेच डोकी फुटतायत, असं समजायचं का मी?"

आमचे प्लांट हेड नाडकर्णी साहेब यांनी हा प्रश्न सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारला, तोही सगळे डिपार्टमेंट हेड बसलेले असताना. त्यांच्यापुढे फर्स्ट-एड रूमचं रजिस्टर उघडं होतं. कंपनीत कुणाला खरचटलं, भाजलं, बोट चेमटलं की ते या रजिस्टरात लिहायचं, असा नियम. कामावर येता-जाता कुणी पडलं तरी लिहायचं. सायकलवरून पडणाऱ्यांच्या पानावर मीच हौसेनं एक जादा रकाना आखून घेतला होता: हेल्मेट होतं की नव्हतं. आणि डोक्याला लागलेल्या बहुतेक नावांपुढे आमच्या ब्रदरनं, म्हणजे फर्स्ट-एड रूमच्या नर्सनं, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'हेल्मेट होतं.'

मी तेव्हा रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. सकाळी हात, पाय, डोळे घेऊन आलेला माणूस संध्याकाळी तेवढंच सामान घेऊन घरी गेला पाहिजे, एवढंच माझं काम. ते नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून सेफ्टी ऑफिसर बसून पगार खातो असं सगळ्यांचं मत असतं. मला त्याची सवय झाली होती.

सायकलवर येणाऱ्यांना हेल्मेट द्यायची टूम माझीच. कॉन्ट्रॅक्ट लेबरलाही द्यायची, असा हट्ट धरून मी ती मंजूर करून घेतली होती. सक्ती नव्हती. घाला म्हणून सांगायचं, बस्स.

"सर, त्याचं असं आहे..." मी सुरुवात केली.

"कसंही असू दे. आकडे आणा. नवीन लॉट तोपर्यंत होल्डवर. महिन्याअखेर रिपोर्ट द्या. उपयोग नसेल तर स्कीम बंद." मग थोडं हसून म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्हीच आकडे लावले होते ना गेटवर?"

गेटवर खरंच एक बोर्ड होता. 'हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतींत मोठी घट.' मी स्वतः उभा राहून तो रंगवून घेतला होता. पण त्या वर्षी झालं होतं असं, की कोलाडकडून येणारा रस्ता कामासाठी खणून ठेवलेला होता. त्या बाजूचे निम्मे सायकलवाले मिनिडोरनं, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षानं, यायला लागले होते. पडायला सायकलच नाही तर डोकं कुठून फुटणार? मला हे तेव्हाही माहीत होतं. पण आकडा आपली बाजू घेत असला की त्याचं कूळ कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मीटिंगमधून बाहेर आलो तर स्टोअरच्या दारात सुगंधाबाई उभ्या. या आमच्या बागकामाच्या कॉन्ट्रॅक्टवर होत्या. कोलाडच्या बाजूला रस्त्यापासून आत त्यांची वाडी. तिथून रोज पहिल्या शिफ्टला सायकलनं यायच्या. भुवईवर टाके होते आणि हातात उभी चीर गेलेलं हेल्मेट. आठ दिवसांपूर्वी टँकर अंगावरून गेल्यासारखा शेजारून गेला, त्या वाऱ्यानं सायकल डांबरावरून खाली खडीत घसरली आणि बाई डोक्यावर पडल्या. रजिस्टरच्या त्या पानावर सगळ्यात अलीकडचं नाव त्यांचंच होतं.

"साहेब, ह्ये चिरलं. दुसरं भेटंल काय?"

"सध्या होल्डवर आहे, सुगंधाबाई."

"होल्ड म्हंजे?"

"म्हणजे थोडे दिवस थांबा."

"मी थांबते. रस्ता थांबतो काय?"

मी हेल्मेट हातात घेऊन उलटं केलं. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो एका बाजूला चेपला होता. हेल्मेटचं काम हेच. आपण पडलो की तो थर चेपतो आणि डोक्याला बसायचा मार स्वतः खातो. एकदा चेपला की पुन्हा उपयोग नाही.

"हे घालू नका आता. यानं आपलं काम केलंय."

"आमच्यात म्हनतात, हलका माल हाय म्हनून फुटला."

"फुटला म्हणून तुम्ही बोलताय माझ्याशी," मी जरा चिडूनच म्हणालो. राग त्यांच्यावर नव्हता. मग आवाज खाली आणला. "मी एक आणून देतो बाहेरून. माझ्याकडून."

"नको. मला एकटीला नको. आमच्या आनखी तिघी हायत, त्यांना अजून एक पन भेटलेलं नाय. सगल्यांना द्या, नायतर ऱ्हाऊ द्या."

हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून त्या झाडांना पाणी घालायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पेणची बस कोलाडवरून रोह्याकडे वळली आणि पुढे मला त्या दिसल्या. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, पुढे टँकर, मागे टँकर, आणि मध्ये खडीच्या कडेकडेनं चाललेली सायकल. बस त्यांना ओलांडून गेली. मी मागे वळून बघत राहिलो. त्यानंतर रोज ती खिडकी पकडायची आणि बाई दिसेपर्यंत जीव खाली-वर व्हायचा, असं चाललं होतं. महिनाअखेर अजून लांब होती.

संध्याकाळी घरी बसून या विषयावर मिळेल ते वाचलं. तेव्हा कळलं की या वादात आमची कंपनी काही पहिली नाही. सगळ्या जगात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, पडलेल्यांमध्ये हेल्मेटवाल्यांच्या डोक्याला कमी लागतं, मग आणखी काय पुरावा पाहिजे? दुसरा म्हणतो, हेल्मेटची सक्ती केली की लोक सायकलच सोडतात, मग पडणारे आपोआप कमी होतात आणि श्रेय मात्र हेल्मेटला. शिवाय दवाखान्यातले आकडे म्हणजे दवाखान्यात आलेल्यांचेच आकडे. दोन्हीकडचे लोक शहाणे होते, हीच पंचाईत. दुसऱ्या तटाचं वाचताना मला माझा गेटवरचा बोर्ड डोळ्यांपुढे दिसत होता. पण आमच्या रजिस्टरात तर उलटंच होतं. हेल्मेटवालेच जास्त जखमी. ते कुठल्याच तटात बसेना.

रविवारी थोरल्या बहिणीकडे गेलो. पेणमध्ये तिचा गणपतीचा कारखाना आहे. वैशाखापासूनच मूर्ती बाहेरगावी जायला लागतात, त्यामुळे अंगणभर भाताचा पेंढा पसरलेला. ताई एका हातानं मूर्तीभोवती पेंढा गुंडाळत होती आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून कुणावर तरी खेकसत होती. फोन ठेवल्यावर तिनं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली वही काढली आणि काहीतरी लिहिलं.

"काय गं?"

"सोंड गेली एकाची. पोचता पोचता. बदलून मागतोय."

मी सहज वही चाळली. कुठली मूर्ती, कुठे गेली, काय मोडलं, कशात बांधली होती, सगळं तिच्या तिरप्या अक्षरात. मोडलेल्या सगळ्या मूर्तींपुढे एकच शब्द. पेंढा, पेंढा, पेंढा.

मी नाडकर्णी साहेबांच्या आवाजात म्हणालो, "म्हणजे पेंढ्यामुळेच मूर्ती मोडतायत, असं समजायचं का मी?"

ताईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती लहानपणी माझ्या गणिताच्या वहीकडे बघायची.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पेणातल्या पेणात जाणारी मूर्ती लोक पाटावर घेऊन मांडीवर नेतात. तिला पेंढा कोण लावतो? वडखळचा नाका ओलांडून जायची, तिलाच पेंढा. खड्डे तिच्याच नशिबात, मग मोडणार पण तीच. आणि पेंढ्यात धडधाकट पोचलेल्या शेकड्यानं असतील, त्यांचा फोन येतो का मला? 'ताई, मूर्ती मोडली नाही हो' म्हणून कुणी कळवलंय आजपर्यंत?"

मी पेंढ्यावरच बसलो.

"आणि ट्रकच उलटला तर?" मी विचारलं.

"तर पेंढा काय करील? पेंढा हिसक्याला असतो. ट्रक सरळ चालवणं हे ड्रायव्हरचं काम."

इतकी वर्षं सेफ्टीत काढली, कोर्स केले, सर्टिफिकेटं भिंतीवर लावली, आणि अक्कल मिळाली ती बहिणीच्या अंगणात. जेवायलाही न थांबता मी निघालो. ताई मागून ओरडली, "आमरस केलाय रे!" तो मी दुसऱ्या दिवशी डब्यात नेला.

सोमवारपासून आठवडाभर मी पहिल्या शिफ्टला गेटवर उभा राहिलो. हातात वही. येणारी प्रत्येक सायकल कुठल्या रस्त्यानं आली आणि डोक्यावर हेल्मेट आहे का, एवढंच लिहायचं. सिक्युरिटीवाल्यांना वाटलं, माझी बदली त्यांच्यात झाली.

आमच्याकडे यायला दोन रस्ते. एक नदीकाठचा, गावागावांतून येणारा, सावलीचा. त्यावर फार तर म्हैस आडवी येते. दुसरा कोलाडकडचा, टँकरांचा. नदीकाठच्या लोकांनी माझी हेल्मेटं घेतली होती, पण डोक्यावर जवळजवळ कुणाच्याच नव्हती. हँडलला अडकवलेली. एकाच्या हेल्मेटात करवंदं होती, त्यानं मलाही मूठभर दिली. मी चिडायला हवं होतं. पण करवंदं चांगली होती. कोलाडकडच्यांत मात्र ज्याला हेल्मेट मिळालं होतं, त्यानं ते घातलं होतं. त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती.

मग मी रजिस्टर घेऊन त्या पानावरच्या एकेकाला गाठलं आणि विचारलं, कुठे पडलात? डोक्याला लागलेले बहुतेक सगळे कोलाडच्या रस्त्यावरचे. बरेचसे तर एकाच वळणावर, सकाळी शिफ्ट भरायच्या वेळी, टँकर आत-बाहेर करत असताना पडलेले. आणि त्या रस्त्यानं येणाऱ्या बाकीच्यांना मी आणखी एक प्रश्न विचारला, जो रजिस्टरात कधीच नव्हता. पडलात पण फर्स्ट-एड रूममध्ये आला नाहीत, असं कधी झालं?

लोक हसायला लागले. "कितींदा! काय झालाच नाय तर यायचं कशाला?"

सेफ्टीच्या भाषेत याला निअर मिस म्हणतात. अपघात होता होता राहिला, तो निअर मिस. कारखान्याच्या आत आम्ही तो लिहायला लावतो. रस्त्यावरचा लिहावा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी दोन माणसं घेऊन गेटवर गेलो आणि माझा बोर्ड उतरवला.

"हे काय?" मीटिंगमध्ये नाडकर्णी साहेबांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. "बोर्ड का काढला?"

"खोटा होता, सर. त्या वर्षी रस्ता बंद होता. सायकली कमी, म्हणून पडणारे कमी. हेल्मेटचं श्रेय मी लाटलं."

साहेबांनी चष्मा काढला.

"तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय. पण ज्या कारणानं माझा बोर्ड खोटा, त्याच कारणानं हे पानही खोटं आहे. हेल्मेट घालतात ते टँकरच्या रस्त्यानं येणारेच, म्हणून पानावरही तेच." आणि मी त्यांना पेंढ्याची गोष्ट सांगितली. वडखळचा नाका, मांडीवरची मूर्ती, कधीच न येणारा फोन. सुगंधाबाईंचं चिरलेलं हेल्मेट टेबलावर उलटं ठेवलं आणि चेपलेली जागा दाखवली. "ही चीर कवटीला गेली असती, सर. आज बाई परत त्याच रस्त्यानं उघड्या डोक्यानं आल्या. रोज येतात."

साहेबांनी त्या चेपलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

"किती टक्के फायदा होतो, ते सांगा."

"ते मला सांगता येणार नाही. आपली माणसं थोडी, नोंदी अर्धवट. टक्के सांगितले तर तो दुसरा बोर्ड होईल."

"मग सही कशावर करू?"

"दोन गोष्टींवर. कोलाडच्या रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट, कॉन्ट्रॅक्टवाल्यांसकट. आणि शिफ्ट भरायच्या आधी अर्धा तास आपले टँकर आत-बाहेर बंद. टँकरपुढे हेल्मेट काही करू शकत नाही. ट्रक सरळ चालवणं हे वेगळं काम आहे."

डिस्पॅचवाले उसळलेच. अर्धा तास टँकर उभा म्हणजे काय, त्यांना काय वाटेल, यांना काय वाटेल. साहेबांनी त्यांना पाच मिनिटं बोलू दिलं आणि मग सही केली. दोन्हींवर केली. माझ्या आयुष्यात एका मीटिंगमध्ये दोन सह्या मिळाल्याचा तो एकच प्रसंग.

त्याच दुपारी चौघींना हेल्मेटं दिली. सुगंधाबाईंनी पट्टा हनुवटीखाली बांधून दोनदा ओढून बघितला. दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून मला चार निळी डोकी एका ओळीत दिसली. मागे-पुढे टँकर नव्हता. मी सरळ बसलो आणि कोलाडनंतर पहिल्यांदाच झोप काढली.

रजिस्टरात मी नवं पान सुरू केलं. वर लिहिलं, 'पडलो, काही झालं नाही.' महिने गेले, पान कोरंच राहिलं. काही झालं नाही हे सांगायला कोण कामावरचा वेळ घालवणार? ब्रदर मला चिडवायचा, "साहेब, तुमचं पान उपाशी आहे."

थंडीत एका सकाळी सुगंधाबाई फर्स्ट-एड रूममध्ये आल्या. मी तिथेच होतो. साडीला धूळ, कोपराला माती, हातात हेल्मेट. त्याची एक बाजू चेपलेली. ब्रदर कापूस घेऊन उठला.

"त्ये नको," त्या म्हणाल्या. "कुठं लागलं नाय मला. खड्ड्यात चाक ग्येलं, पडले, उठले, आले. त्ये तुमचं पान हाय ना, त्यात लिवा."

ब्रदर माझ्याकडे बघायला लागला. मी पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. नाव, रस्ता, जागा, हेल्मेट होतं. शेवटच्या रकान्यात 'काही झालं नाही' असं ठळक अक्षरात लिहिलं, ते आजही त्या रजिस्टरात तसंच असेल. बाईंनी खाली सही केली आणि नवीन हेल्मेट मागितलं.

रिटायर होताना मला कुणीतरी विचारलं की हेल्मेटचा नक्की फायदा किती? मी म्हणालो, माहीत नाही. पण जो कुणी आकडा सांगेल त्याला आधी हे विचारा, की जे घरी नीट पोचले, ते तुमच्या वहीत आहेत का?